रिमोटवर रडणारी देवी

"रडली! देवी रडली!" बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या देवळात एकच कल्ला झाला. एका पाडलेल्या बंगल्यातली रंगीत काचेची देवी इथे खिडकीत बसवली आहे. तिच्या डोळ्यांतून तांबूस थेंब ओघळत होते.

"आई तुमचं दुःख रडतेय!" देवळात मुक्कामाला आलेले राजाराम महाराज गरजले. "हे अश्रू डोळ्यांत घाला, नजर उजळेल! आणि एसी अठरावर ठेवा रे, आईला उकाडा सोसत नाही!"

वा रे आई!

मी हसले असते, पण सुलक्षणाकाकू वाटी घेऊन रांगेत होत्या. मी त्यांच्याकडेच भाड्यानं राहते. त्यांना काचबिंदू आहे, आणि डॉक्टरांचे थेंब त्यांनी बंद केले होते.

"काकू, नजर जाईल हो!"

"जाऊ दे गं. मुलगा टोरांटोत, हे फोटोत. माझ्यासाठी रडणारी ती एकटीच आहे."

या शहरात मलाही काकूंशिवाय कोण होतं? त्या रुसल्या तर जेवायलासुद्धा एकटीच.

पण मी रंगीत काचांचं जतन शिकते. जुन्या काचेबाहेर संरक्षक काच लावा, मात्र मधे वारा खेळू द्या, हे आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. सोसायटीनं कबुतरांच्या धास्तीनं बाहेरून काच लावून चारही कडा सिलिकॉननं बुजवल्या होत्या.

"एसी बंद करून बघू या," मी म्हणाले.

"पाखंडी!" महाराज ओरडले. तोवर सेक्रेटरी जयवंतभाऊंनी रिमोट दाबलाही होता. थोड्या वेळानं देवी गप्प. पुन्हा एसी लावला, पुन्हा रडू!

"च्यायला, आई रिमोटवर रडते?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मग मी सांगितलं. एसीनं काच गार पडते, मधल्या कोंडलेल्या दमट हवेचं पाणी होतं आणि डोळ्यांमागच्या लोखंडी सळईचा गंज घेऊन ते शिशाच्या जुन्या सांध्यांतून झिरपतं. गंज आणि शिसं डोळ्यांत घालताय! देवाला खुशाल हात जोडा, पण चमत्कार दिसला की आधी 'कसा?' ते विचारा.

वरखालचं सिलिकॉन कापलं. दुसऱ्या दिवशी एसी लावूनही देवी कोरडी. महाराज कधी सटकले, कळलंच नाही. गर्दीही पांगली.

काकू तेवढ्या बसून होत्या. "झालं समाधान? आता कोण रडायचं माझ्यासाठी?"

मलाच रडू फुटलं. "काकू, औषध घ्या ना हो. का बंद केलंत?"

त्यांनी पिशवीतून थेंबांची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि मान मागे टाकली.

"हात थरथरतो गं. एकटीला घालता येत नाहीत."