शिकंज्यातली रायफल

सन २०२४, डिसेंबर महिन्यातील दुसरा गुरुवार, सकाळची वेळ. स्थळ, भिवंडी तालुक्यातील मानकोली येथे एका गोदामाच्या मागील भागात चालणारी दहा मीटरची शूटिंग रेंज. रविवारी राज्य संघाची निवड चाचणी होती, आणि सतरा वर्षांच्या रियाचे छर्रे लक्ष्यपत्रावर मूठभर ज्वारी फेकावी तसे विखुरत होते.

तिचे वडील मिथुन यांचे मत ठाम होते. नारपोलीत, घराच्या लांबलचक माडीवर, हीच मुलगी याच रायफलीने काळ्या ठिपक्याचा मध्य सोडत नसे. म्हणजे दोष मुलीत नव्हे. तो वाटेतच शिरत असला पाहिजे. रस्त्यातल्या खड्ड्यांनी नळीवरची नेम धरायची साइट हलते, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून आज रायफल पेटीत, पेटी गोधडीत आणि गोधडी रिक्षात रियाच्या मांडीवर, अशा इतमामाने ती आली होती.

"बाळंतिणीलासुद्धा इतकं जपून आणत नाहीत, मिथुनभाऊ," प्रशिक्षक देवेश म्हणाले.

"हसा, सर. पण स्क्रू तपासा."

देवेश यांनी स्क्रू तपासले, नळी पुसली, हवेचा दाब पाहिला, छऱ्यांचा डबाही बदलला. रियाने पाच बार काढले. पाचही पाच दिशांना.

"बघा! साइट हलली," मिथुन जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"हलली असती तर पाचही एकाच बाजूला गेले असते."

"मग सैल असेल. दर छऱ्याला हलत असेल!"

"ठीक आहे. मधला माणूसच काढून टाकू."

रायफल लाकडी ठोकळ्यांत धरून टेबलावरच्या शिकंज्यात आवळली गेली. देवेश यांनी पाच वेळा घोडा दाबला आणि कागद आणला. त्यावर एकच भोक होते.

मिथुन यांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला. "बाकीचे चार कुठे गेले?"

"त्याच भोकातून."

रियाचा चेहरा उतरला होता; आता दोष द्यायला तिच्याखेरीज काही उरले नव्हते.

"रिया, उभी राहा. छर्रा नको, नुसता नेम धर." देवेश यांनी नळीखाली बोट लावले, नळी एकसारखी थरथरत होती. "गुडघे इतके का आवळलेस?"

"नाहीतर हलेल ना, सर."

"काय हलेल?"

"जमीन."

देवेश यांनी पाण्याने भरलेला ग्लास तिच्या पायांजवळ फरशीवर ठेवला. रिया वाकली. पाणी काचेसारखे निश्चल होते.

"हे हलत नाही?" तिने विचारले. "घरी तर बाटलीतलं पाणी सारखं थरथरतं. माडीखाली यंत्रमाग, लूम चालतात ना."

"पण घरी बरोबर लागतं, सर!" मिथुन ओरडले. "चार वर्षांपूर्वी माडी मी तिच्यासाठीच मोकळी केली!"

"घरी ती थरथरत्या जमिनीला अंग ताठ करून थोपवते. इथं थोपवायला काही नाही, म्हणून ते ताठ अंगच थरथरतं."

"मग तीन दिवसांत सैल करा तिला."

"चार वर्षांची सवय आहे ती, भाऊ."

रिया आता गोधडीवर जाऊन बसली होती. तिची नजर ग्लासावरून ढळत नव्हती.

देवेश यांनी शिकंजा सोडवला. "रायफल निर्दोष आहे. हिला उभं राहणं मुळापासून शिकावं लागेल. रविवारी रिया उतरणार नाही."