लाखेची तबकडी

तबकडीमास्तरांची मुलगी दुपारच्या गाडीने येणार होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. मधे जेमतेम चार तास. त्यातला एक जेवणात जाणार, एक 'बाबा, केवढा पसारा हा' यात आणि एक जावयाच्या फोनात, हे मास्तर ओळखून होते. त्यांचं मागणं फार नव्हतं. उरलेल्या वेळातली तीन मिनिटं तिनं आपल्याशेजारी बसून एक गाणं ऐकावं, एवढंच. जुन्या तबकडीची एक बाजू तीनच मिनिटं चालते.

मास्तर शिक्षक नव्हते, रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते; तरुणपणापासूनच्या तबकड्यांच्या नादापायी लोकांनी हे नाव ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात. मास्तरांनी दूरदेशीच्या जुन्यापुराण्या गाण्यांचा माग काढायला घेतला. बेटांवरचा कॅलिप्सो, म्हणजे शेजारणीच्या भानगडीपासून लाटसाहेबाच्या फजितीपर्यंत सगळ्यांची चालीवर उडवलेली टर. ब्लूज, म्हणजे घर सुटलेल्या माणसानं गिटारीपाशी मांडलेलं गाऱ्हाणं. जॅझमध्ये पाच वाजवणारे पाच दिशांना तोंडं करून भांडतात आणि समेवर मात्र गुमान एकत्र येतात. आणि रॉक अँड रोल हे या सगळ्यांचं उंडगं कार्टं. कुठली चाल कुठल्या बंदरात बोटीवर चढली आणि कुठे उतरली, हे मास्तर वहीत टिपून ठेवत. सात वह्या भरल्या होत्या. वाचणारं कुणी नव्हतं.

बायको होती तोवर 'बंद करा ते कोकलणं' म्हणायला तरी माणूस होतं. ती गेली, आणि आता गाणं कितीही मोठ्यानं लावलं तरी कुणी ब्र काढत नव्हतं. मास्तरांना याचं फार वाईट वाटे. कधी कधी ते मुद्दाम आवाज वाढवत आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसत.

आज ऐकवायची तबकडी त्यांनी सकाळीच यंत्रावर ठेवली होती. कॅलिप्सोची होती, एका म्हाताऱ्या खलाशाकडून घेतलेली. वरचा कागद इतका झिजलेला की गाणाऱ्याचं नावही उरलं नव्हतं. गाताना मधेच तो ओळ विसरतो आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली कुणी बाई खुदकन हसते. मग तोही हसतो आणि हसत हसतच पुढची ओळ पकडतो. ही तबकडी तिथल्या ध्वनिमुद्रकानं खरं तर फेकून द्यायला हवी होती, पण त्यानं ती राहू दिली. मास्तरांनी अशी दुसरी प्रत कुठे पाहिली नव्हती. तिची नीट नक्कल उतरवून घ्यायला जाड सुई हवी होती, आणि ती पुढच्या आठवड्यात यायची होती.

मुलगी आली. जेवणं झाली. चहाला दूध नव्हतं म्हणून मास्तर कोपऱ्यावर गेले. पंधरा मिनिटांत परतले तर मुलगी दारातच हसत उभी.

"बाबा, डोळे मिटा आधी. हं, आता उघडा!"

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर ती तबकडी, शेजारी स्पिरिटची बाटली आणि कापसाचे काळेकुट्ट बोळे.

"दोन्ही बाजू घासून काढल्या. किती वर्षांचा मळ हो हा! सहा बोळे काळे झाले, बघा तरी."

मुलगी नर्स होती. तिच्या हाती जे येई ते स्पिरिटनं पुसूनच खाली जाई. त्याचं सासरीही कौतुक होतं. नव्या तबकड्यांना स्पिरिटनं फारसं काही होत नाही. पण या जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणारा कुणीही सांगेल. बोळ्यांवर आलेला तो मळ नव्हता, गाणं होतं.

ओरडणं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते एकदा ओरडले होते. मुलगी सात वर्षांची असताना तिनं एक तबकडी उचलली, तेव्हा. त्यानंतर ती तबकड्यांच्या खोलीत पाऊल टाकेनाशी झाली, आणि पुढे पुढे घरातही पाहुण्यासारखीच राहिली. मास्तरांनी दुधाची पिशवी हळूच खाली ठेवली.

"छान केलंस," ते म्हणाले.

"मग लावा ना! मी बसते. तुमचं काय ते गाणं आज ऐकतेच."

ती खरंच बसली. फोन पर्समध्ये टाकला, पर्स लांब ठेवली आणि हनुवटी तळहातावर टेकवून ऐकू लागली. मास्तरांनी सुई टेकवली. निखारे विझवल्यावर होतं तसं चरचरणं खोलीत भरलं. फार मागे, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं काहीतरी होतं. पण ते मास्तरांना कळत होतं ते पाठ होतं म्हणून.

मिनिटभरानं मुलगी संकोचून म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. मला नुसती खरखर ऐकू येतेय. तुम्हाला काय ऐकू येतं यात?"

"आता गिटार आली," मास्तर म्हणाले. "दोन आहेत. आता तो गातोय, घरमालकाची खोड काढतोय. थांब... आता विसरला बघ ओळ. आणि ही... ही हसली."

"कोण?"

"माहीत नाही गं."

मुलगी चरचर ऐकत राहिली आणि बापाच्या तोंडाकडे बघून तीही हसली. बाजू संपली. मास्तरांनी सुई उचलली. यंत्र बंद करायचं विसरून ते फिरत्या तबकडीकडे बघत राहिले. तिला वाटलं, वय झालं.

गाडीची वेळ झाली तशी ती चपला घालता घालता थांबली आणि फडताळाकडे बघू लागली. तिथे दोनशे तबकड्या उभ्या होत्या, सगळ्या लाखेच्या.

"बाबा, मजा आली खरंच. पुढच्या वेळी सवड काढून येते आणि या सगळ्या पुसून देते एकेक करून. दोन दिवस तरी लागतील, नाही?"

मास्तरांनी फडताळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चार लागतील," ते म्हणाले. "कधी येतेस?"