पांढरीच्या आडची सुई

थापाड्याचे दोन्ही कॅन चेअरमननं डेअरीच्या दारातच पायानं बाजूला सारले. दूध घरी ने, नायतर गटारात ओत, इथं मापलं जाणार नाय, असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

रांगेतल्या माणसांनी आपापली भांडी खाली ठेवली. फुकटात भांडण बघायला मिळत असेल तर दूध नासलं तरी बेहत्तर, अशी ती रांग. थापाड्याला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. गावात चेष्टा करायचा मक्ता त्याचा. पन्नाशी आली तरी त्याच्या थापा कमी झाल्या नव्हत्या, उलट डोक्यावरचे केस गेले तसा थापांनाच बहर आला होता.

"रोज पहाटे गाईला सुई टोचतोस," चेअरमन म्हणाला. "पान्हा सोडायची. बघणाऱ्यांनी बघितलंय. असलं दूध लोकांच्या लेकरांना पाजायचं?"

बघणारं कोण, हे विचारायला नको होतं. भिंतीपलीकडची वहिनी रांगेत सगळ्यात पुढं उभी राहून आभाळाकडं बघत होती, जसं काय ढगांची मोजदाद तिच्याकडंच सोपवलीय.

एरवी थापाड्याचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. आज थाप मारायला जागाच नव्हती. कारण सुई खरी होती, गोठा खरा होता, पहाटही खरी होती. फक्त ती सुई गाईच्या नव्हे, थापाड्याच्या पोटात जात होती.

झालं होतं असं. दोन महिन्यांमागं पांढरी गाय त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पाय देऊन निवांत रवंथ करत उभी राहिली. जखम एवढीशी, पण भरून यायचं नाव घेईना. बायकोनं धरून बाजारगावच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईनं कागद चाळले. साखर आठ वर्षांची जुनी, गोळ्या वाढवून वाढवून टोकाला गेलेल्या. आता इन्सुलिन घ्या म्हणाल्या. दिवसातून एकदाच, रोज ठरल्या वेळेला, एक टोचणी चोवीस तास पुरते.

थापाड्या म्हणाला, त्यापेक्षा अजून चार गोळ्या लिहून द्या.

"देऊ नका हो बाई," बायको म्हणाली. "हे गोळी गालात धरतात आणि गव्हाणीत थुंकतात. आमच्या गाईची साखर एकदम ताब्यात आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. जखमेवर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, की आज अंगठ्याचं आहे, उद्या पावलाचं होईल. तेव्हा मात्र थापाड्यानं गुमान पेन हातात घेतलं. लिहायच्या पेनासारखंच ते. मागची कळ फिरवून दहाचा आकडा लावायचा, पोटाची चामडी चिमटीत धरायची, केसासारखी सुई आत, कळ दाबायची आणि दहा अंक मोजूनच बाहेर काढायची. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून बाईंना फोन करायचा, त्या सांगतील तसा आकडा दोन-दोननं चढवायचा. महिन्याभरात अठरावर येऊन गाडी थांबली. जखमेवर खपली धरली, अंगात जोर आला. उसासे टाकत फिरणारा थापाड्या दोन वेळा ओला चारा कापून आणायला लागला, आणि गाई तीन लिटर जास्त द्यायला लागल्या. तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

सुईची ठरली वेळ सकाळी सहाची, आणि नेमकी तेव्हाच दूध न्यायला माणसं त्याच्या दारात येत. सुई घरात घ्यावी तर सगळ्यांचे डोळे. म्हणून तो पांढरीच्या आड उभा राहायचा, चौफेर बघायचा आणि बनियन वर करायचा. भिंतीवरून दिसायचं ते एवढंच, की थापाड्याच्या हातात सुई आहे आणि समोर गाय आहे.

आणि लपवायचं तरी का? तर चेअरमनला साखर निघाली त्या साली थापाड्यानं एक पराक्रम केला होता. चेअरमनच्या मोरीपासून कुंपणापर्यंत बचकभर साखर पेरून ठेवली, आणि मुंग्यांची रांग लागल्यावर गाव बोलावून दाखवलं, की बघा, माणूस किती गोड झालाय. चेअरमन चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. तीच साखर थापाड्याच्याही रक्तात आहे, हे चेअरमनला कळलं तर तो व्याजासकट फेडणार.

दोन दिवस दूध परत येत राहिलं. डेअरीनं तोंड फिरवलंय हे गाईंना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या कासा वेळेवर भरत होत्या. बायकोनं वासरांना पाजलं, शेजारी वाटलं. वहिनीनं तर भांडं भरून नेलं आणि गुपचूप पिऊनही टाकलं. तिसऱ्या दिवशी थापाड्या म्हणाला, उद्यापासून सुई बंद. सुई दिसली नाय की बोलणंही बंद होईल.

बायको भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भांडली नाही. त्याच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "चालेल. एकाच पायाची चप्पल कुठं मिळते, तेवढं विचारून ठेवते."

एवढं बोलून ती शेण उचलायला गेली. थापाड्या बराच वेळ दावणीपाशी पाय पुढं करून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो कॅन घेऊन रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्या खिशात पेन होतं. ते काढून त्यानं सांगितलं, की ही सुई माझी आहे. मला साखर झालीय. आज नाय, आठ वर्षं झाली.

कुणीही विश्वास ठेवला नाही.

चेअरमन म्हणाला, थाप आहे. रांगेतला एकजण म्हणाला, चांगली रचलीय पण. थापाड्यानं दवाखान्याचा कागद काढला, तर वहिनी म्हणाली, कागद काय, कुणाचाही आणता येतो. आयुष्यभर थापा मारल्या त्या सगळ्या खपल्या, आणि एक खरं बोलायला गेला तर गिऱ्हाईक नाय.

मग थापाड्यानं नवी सुई बसवली, अठराचा आकडा लावला आणि बनियन वर केलं. चिमूट धरली. सुई आत गेली तशी रांग पुढं झुकली. तो मोठ्यानं अंक मोजायला लागला. चारपर्यंत एकटा मोजत होता, पाचाला मागून कुणीतरी सूर धरला, आणि दहा सगळ्यांनी मिळून म्हटलं. वहिनी पुन्हा आभाळाकडं बघायला लागली.

चेअरमन आता काय बोलतो, म्हणून थापाड्या मान खाली घालून उभा राहिला. चेअरमन मुंग्यांबद्दल बोलला नाही. त्यानं कॅन ओढून घेतला आणि दूध मापलं.

रांग पांगल्यावर तो थापाड्याच्या मागं मागं कुंपणापर्यंत आला. इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "दुखतं का रे?"

वर्षापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी चेअरमनलाही इन्सुलिन घ्यायला सांगितलं होतं. पेन आणलं होतं, पण खोकं अजून फोडलं नव्हतं.

"मुंगी..." थापाड्यानं जीभ चावली. "डास चावतो ना, तेवढंही नाय. शपथेवर सांगतो."

"तुझ्या शपथेवर मी माझं पोट भोसकून घेऊ?"

थापाड्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. हातातला दुधाच्या फॅटचा कागद चेअरमननं वाचायला वीतभर लांब धरला होता, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब. तरी वाचता येत नव्हतं. साखर डोळ्यांपर्यंत पोचली होती. थापाड्या गंभीर झाला, जवळ सरकला.

"खरं सांगू, चेअरमन? लई दुखतं. डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मी रांगेत दात आवळून उभा होतो. तुमच्यासारख्याचं ते काम नाय. तुम्ही आपल्या गोळ्याच खा."

चेअरमनची मान ताठ झाली. तो तरातरा निघून गेला.

तीन दिवसांनी डेअरीच्या दारात तो भरल्या रांगेला सांगत होता, या माणसाचा एक शब्दही खरा धरू नका, सुई अजिबात दुखत नाय, मी स्वतः घेतोय, हा नुसता लोकांना घाबरवतो. ते ऐकून महिन्याभरात गावातली तिघं डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली. त्यात वहिनीचा नवराही होता.

थापाड्याला मात्र गावानं अजून माफ केलेलं नाय. माणसाच्या जिवाशी गाठ असताना खोटं बोलला, म्हणून.