न मोजलेलं दूध

प्राचीनं माइक चालू केला आणि कुणी काही बोलायच्या आत सांगून टाकलं, की प्रस्ताव ती मागं घेणार नाही.

पडद्यावर सहा चेहरे होते, सगळे परदेशातले. प्राची कोल्हापुरात बसून ज्या संगणकभाषेत काम करायची, त्या भाषेत नवं काय घालायचं ते ही मंडळी ठरवत. तिची मागणी एवढीच, की न मोजलेल्या आकड्यासाठी भाषेतच वेगळी खूण असावी. आता मोजमाप राहून गेलं की तिथं मुकाट शून्य बसायचं. सॉफ्टवेअर यायच्या आधी गावच्या डेअरीत दुधातलं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं, तर सचिव पिराजी वहीत नुसती रेघ ओढायचा. दहावी नापास पिराजीला जे कळतं ते या विद्वानांना तिसऱ्यांदा समजावताना प्राचीचं डोकं फिरलं होतं.

अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं, की अशी चूक कुठला जाणता प्रोग्रामर करेल? एक तरी खरं उदाहरण दाखवा.

शेजारी बसलेल्या जिनेंद्रनं, तिच्या कंपनीच्या मालकानं, हातानंच नको म्हटलं. उदाहरण दोघांनाही पाठ होतं. पिराजीच्या त्याच, हातकणंगल्याजवळच्या डेअरीत शालूबाई लांबच्या मळ्यातून दूध घेऊन यायची, म्हणून रांगेत शेवटची. वीज गेली की तिची पाळी येईतो मशीनची बॅटरी बसायची. प्राचीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेच्या जागी शून्यं पडत गेली, तिच्या दुधाची सरासरी घसरली आणि पाणी घालते म्हणून तिचं नाव फळ्यावर लागलं. आमचं सॉफ्टवेअर चुकत नाही, असं जिनेंद्रनं डेअरीला लेखी दिलं होतं.

प्राचीनं तो कोड पडद्यावर लावला. वर तिचंच नाव होतं. ही चूक मी केली, आणि मी अकरा वर्षं हेच काम करते, असं तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

मग मतं पडली. चार विरुद्ध दोन, प्रस्ताव पुढं सरकला.

"कंपनीचं नाव घालवलंस की," जिनेंद्र म्हणाला.

"फळ्यावर कुणाचं नाव हाय, सर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेअरीत गेली. शालूबाईला भिंतीकडं घेऊन तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं, काल काय कबूल केलं तेसुद्धा. शालूबाईनं किटली खाली ठेवली.

"किती माणसं हुती तितं?"

"सहा."

"त्यातलं कोण मला वळखतं?"

"कोण न्हाय, मावशी."

शालूबाईनं रांगेकडं पाहिलं. वीस-पंचवीस माणसं उभी होती.

"मग हितं सांग की. मोठ्यानं."

पिराजी दूध ओतायचा थांबला. काल सहा जणांपुढं न अडखळलेली प्राची पहिल्याच वाक्याला अडखळली. शालूबाईनं तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.