खांबातला देव

नर्मदाबाईची मांडी सुजून टम्म झाली होती आणि तापात ती एकच घोकत होती, “अहो, तो वास नको. परत नको.”

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नरसिंगरावांना, बाजूला घेतलं. “गळू आजच कापायला हवं. पण हा वास क्लोरोफॉर्मचा असला तर? तेव्हा काही बिघडलं असेल अन् मी परत दिला, तर बाई टेबलावरच जाईल. आधी भूल जिथं दिली असेल तिथला कागद आणा. दिवे लागेपर्यंत थांबतो, पुढं नाही; मग भूल देऊन कापणारच.”

मागं नरसिंगराव महाराजांच्या रिसाल्याबरोबर बेंगळुरास असताना तिचा हात मोडला होता. हिनकल गावच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात तिनं तो बसवून घेतला. परतल्यावर विचारलं तर म्हणाली, “झालं की बरं.” आणि या शहाण्यानं पुढं विचारलंही नाही!

जटक्याचा घोडा पळवत ते तिथं पोचले. बायकांचे कागद नवऱ्याच्या नावानं लावलेले. कारकुनानं चळत उपसली आणि नकारार्थी मान हलवली. “नरसिंगराव? इल्ला, स्वामी.”

“पुन्हा बघा हो, पाया पडतो!”

“इल्ला म्हटलं ना.”

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. आणि एकदम नरसिंगरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! नवऱ्याचं नाव घेईल ती नर्मदा कसली! नरसिंहाच्या देवळात निघाली तरी ‘खांबातल्या देवाला जाऊन येते’ म्हणणारी बाई. कारकुनाला तरी वेगळं काय सांगणार? आणि हा कानडी माणूस खांबाला म्हणणार कंबा!

“कंबा!” ते ओरडले. “कंबा नावाचं कोणी आहे का?”

निघालं. ‘कंबय्याची बायको नर्मदा, उजवा हात.’ खाली तांबड्या शाईत: क्लोरोफॉर्म देताच काळीज थांबलं, मोठ्या मुश्किलीनं परत आणली, पुन्हा कधीही देऊ नये.

ते परतले तेव्हा इस्पितळात दिवे लागले होते. खोलीतून गोडसर वास येत होता. त्यांनी दार ढकललं. फडकं तिच्या तोंडाशी आलंच होतं.

“थांबा!”

डॉक्टरांनी कागद वाचला आणि फडकं फेकून दिलं. “मग भूल न देता असंच कापावं लागेल. धरा तिला घट्ट.”

चाकू लागला तशी नर्मदाबाई किंचाळली, “नरसिंगा, धाव रे!”

देवाला हाक मारली की त्यांना, कोण जाणे. उभ्या संसारात ते नाव तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. “इथंच आहे गं,” म्हणत ते ढसाढसा रडत होते, आणि तिनं पुन्हा ओरडावं, ओरडतच राहावं, एवढंच मागत होते.