चंद्रकलाबाईंच्या नावचे सौदे

“आला का नंबर, बाबा?”

“थांब ना गा. अजून तर काहीच नाही आलं.”

“पहा बरं नीट. पाठवला म्हणून दाखवते इकडे.”

शालिकराम हेडाऊ खिडकीशी जाऊन उभे राहिले. बायकोचा मोबाइल त्यांनी उजेडात हातभर लांब धरला. तेवढ्यात तो थरथरला. वर इंग्रजीत ‘डिअर चंद्रकला’, खाली सहा आकडे. हिंगण्याच्या कंपनीत मशीनचं रीडिंग सांगायचे तसे त्यांनी ते एकेक करून सांगितले.

“हां, झालं लॉगिन,” अंकुर म्हणाला.

“नाश्ता केला का तू? आन् ऋतुजा सूनबाई...”

“मजेत आहे ती. ठेवतो बाबा, बाजार उघडून राहिला.”

फोन बंद झाला. शनिवार-रविवार सोडून हे रोजचंच होतं. सकाळी बाजार उघडायच्या आधी मुलाचा फोन यायचा, तोही आईच्या नंबरवर, कारण तिच्या शेअरच्या खात्याचा आकडा तिच्याच मोबाइलवर यायचा. चंद्रकलाबाईंना जाऊन आठ महिने होत आले होते. माणूस गेलं, पण खातं चालू होतं. कोणी कळवलंच नव्हतं.

अंकुर एका वित्त कंपनीत नोकरीला होता. तिथल्या लोकांना आपल्या नावाने असले सौदे करायची सक्त मनाई. म्हणून आई हिंडती-फिरती असतानाच त्याने तिच्या नावाने खातं उघडलं. ती हसली होती. “लाव बाप्पा माह्यं नाव. माह्या नावाले कोन विचारून राहिलं?” साड्यांना फॉल-पिको करकरून तिने बँकेत ठेवलेले पैसे त्या खात्यात गेले. आधी थोडे वाढले. मग कमी होत गेले. ती दवाखान्यात असताना कमी झाले, ती गेल्यावर आणखी कमी झाले.

शालिकरामांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. “अंकुर, बस कर ना गा आता.”

“आईचे पैसे भरून काढतो न बंद करतो, बाबा. मले काय हौस आहे?”

“न कंपनीले कळलं तं?”

“तुम्ही कोणाले सांगणार आहे का?”

ते कोणाला सांगणार? हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. खरं तर तिथेच अडलं होतं. खातं बंद केलं की सकाळचा फोनही बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगा वाईट नव्हता. पण कामाशिवाय फोन करणाऱ्यांतलाही नव्हता. म्हणून रोज ते ठरवायचे, आज नंबर सांगायचा नाही. आणि रोज सांगायचे.

त्या आठवड्यात गल्लीतल्या शोभाताईंनी एक कागद आणून दिला. शोभाताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. कागदावर छापलं होतं, ‘सामान्य गुंतवणूकदारांसाठी ऑप्शनची ओळख’.

“येता का भाऊजी? चहा-समोसा फुकट आहे. जवाई म्हनते पेन्शन डब्बल होते. आपुन पाहून तं येऊ, कसे बनवते लोकाईले.”

पोरगा रोज करतो तरी काय, ते एकदा पाहावं म्हणून शालिकराम गेले.

वर्ग एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर अर्धीमुर्धी उरली होती. शिकवायला मोहित सर. तरुणच होते, पण घसा बसलेला. सकाळी उमरेडला असाच वर्ग घेऊन आले होते.

“समजा, इथल्याच ले-आउटमध्ये एक प्लॉट आहे,” ते म्हणाले. “मालक म्हणतो वीस लाख. तुमच्याजवळ आज तेवढे नाही. तुम्ही त्याला थोडा इसार देता, न म्हणता, तीन महिन्यांत मी कधीही आलो तर हा प्लॉट वीस लाखांनाच द्यायचा. उद्या बाजूने मोठा रस्ता मंजूर झाला, भाव चढला, तरी तुम्हाला वीसलाच. नाही चढला, तर इसार सोडा न घरी जा. प्लॉट घ्याच म्हणून कोणी जबरदस्ती नाही करत. याला म्हणतात कॉल.”

“आन् दुसरा काय तो? पुट?” शोभाताईंनी विचारलं.

“तो उलटा. कळमन्याच्या व्यापाऱ्याला तुम्ही आधीच थोडे पैसे देऊन ठेवले. म्हटलं, पोळ्यापर्यंत माझी तूर या भावाने घ्यायची. मग भाव पडला तरी त्याला घ्यावीच लागते. पुट म्हणजे ठरल्या भावाला विकायचा हक्क.”

“न मुदत संपली तं?”

“संपली तर इसार गेला. आपल्या निफ्टीत तर दर मंगळवारी मुदत संपते. आणि हे नीट ऐका. त्या इसाराची किंमत रोज झिजते. भाव जागेवर राहिला तरी झिजते. काही नाही झालं तरी झिजते.”

शालिकरामांना दवाखाना आठवला. शेवटी शेवटी डॉक्टर रोज सांगायचे, तब्येत जशी होती तशीच आहे. आणि पलंगावरचं माणूस रोज थोडं कमी दिसायचं.

“सर, एक सांगा,” शोभाताई उठून उभ्याच राहिल्या. “आमचा इसार बुडला तं तो जाते कोनाच्या घरी?”

“ज्याने तो घेतला त्याच्या. ऑप्शन विकणारा. बहुतेक मोठ्या कंपन्या असतात. दहातले नऊ साधे लोक यात हरतात, ताई. सरकारी अहवालच आहे तसा.”

“मंग आमाले काहून शिकवून राहिले तुमी?”

लोक हसले. मोहित सरही हसले, पण दमल्यासारखे. “नाही शिकवलं तरी लोक करतातच, ताई. निदान काय करून राहिलो, एवढं तरी माहीत पाहिजे.”

“समोसा मातर बरा हाय,” शोभाताई बसता बसता म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत शालिकरामांनी सरांना खांबाआड गाठलं.

“सर, खातं ज्याच्या नावानं आहे तो मानूस वारला, तं?”

“कळवायचं. खातं गोठतं. शिल्लक असेल ते नॉमिनीला मिळतं.”

“न वारल्यावरबी सौदे होत राहिले असन, तं?”

मोहित सरांनी कप खाली ठेवला. “तर विचारतील, कोणी केले. दुसऱ्याच्या नावाने करणं चूकच आहे, काका. त्यात गेलेल्या माणसाच्या नावाने...” ते थांबले. “ज्याने केले त्याने लिहून द्यावं लागतं.”

“त्याची नोकरी असन तं जाईन का?”

“नोकरी कशी आहे त्यावर आहे.”

“न समजा, रिटायर मानूस असला?”

सर त्यांच्याकडे बघत राहिले. “मग काय जाणार त्याचं? नोटीस येईल. पुन्हा खातं नाही उघडता येणार.”

शालिकराम परत येऊन बसले ते थेट पहिल्या रांगेत. आधीचा तास त्यांनी नुसता ऐकला होता. आता ते ओठ हलवून म्हणत होते, कॉल म्हणजे घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा. वर्ग सुटल्यावर त्यांनी सरांकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

“काका, ट्रेडिंग करायचंय का तुम्हाला?”

“नाही. पाठ करायचं आहे.”

सोमवारी सकाळी फोन आला. “आला का नंबर, बाबा?”

“आला.”

“हं, सांगा.”

“नाही सांगत. मी तुह्या आईचं खातं बंद कराले जाऊन राहिलो.”

अंकुर दबक्या आवाजात बोलू लागला. “बाबा, आठ महिन्यांचे सौदे दिसतीन त्याईले. कोणी केले विचारतीन. माझी नोकरी जाईन बाबा. घराचा हप्ता आहे. ऋतुजाले काही माहीत नाही.”

“नाही जात नोकरी. मी पाहतो.”

“तुम्ही काय पाहता? तुम्हाले साधा रिचार्ज तरी मारता येते का?”

“नाही येत,” शालिकराम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आधी फोन ठेवायची ही त्यांची पहिलीच वेळ.

ज्या दलाल कंपनीत चंद्रकलाबाईंचं खातं होतं, तिचं ऑफिस धरमपेठेत होतं. थंड हवा, काचेची दारं. टेबलामागच्या मुलीचं नाव भूमिका. तिने मृत्यूचा दाखला दोन्ही हातांनी घेतला, “सॉरी हं, काका,” म्हणाली आणि कॉम्प्युटरवर नाव काढलं. मग तिचा हात थांबला.

“काका, यांचे सौदे तर शुक्रवारपर्यंत झालेले आहेत.”

“हो. मीच करत होतो.”

“तुम्ही?”

“मोबाइल माह्याजवळच आहे तिचा. हा पहा.”

भूमिकाने मोबाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. इस्त्रीचा पण कॉलर विरलेला शर्ट, खिशाला पेन, हाताच्या बोटांवर जुन्या मशीनकामाचे वण.

“काका, रागावू नका. काय घेत होते तुम्ही?”

“कॉल. निफ्टीचे. कधी पुट.”

“कॉल म्हणजे काय?”

शालिकरामांनी गुडघ्यांवर हात ठेवले. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारल्यासारखे ते ताठ बसले. “समजा एक प्लॉट आहे. मालक म्हणते वीस लाख. आपुन त्याले इसार देतो. मंग भाव चढला तरी आपल्याले वीसलेच भेटते. घ्यायचा हक्क आहे. जबरदस्ती नाही.”

“आणि पुट?”

“पुट म्हणजे तूर.” ते अडखळले. “म्हणजे, तूर नाही. व्यापारी. भाव पडला तरी त्याले घ्याच लागते. इकायचा हक्क. पोळ्यापर्यंत.”

“पोळ्यापर्यंत?”

“नाही, मंगळवारपर्यंत. मंगळवारी मुदत संपते. न इसार रोज झिजते. काही नाही झालं तरी.”

आतल्या केबिनमध्ये कोणीतरी फोनवर हसत होतं. भूमिकाने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काका, घरात दुसरं कोणी नव्हतं ना करत? तसं असेल तर आत्ताच सांगा.”

“घरात मी एकटाच राहतो, बाई.”

हे खरंच होतं, म्हणून त्यांना ते सहज म्हणता आलं.

तिने कोरा कागद पुढे सरकवला. “मग एवढं लिहून द्या. पत्नी वारल्यावर तिच्या खात्यात मी व्यवहार केले. तारीख, सही. वर साहेब बघतील. नोटीस येऊ शकते. आणि तुमच्या नावाने पुढे खातं नाही उघडणार.”

“नोको उघडू.”

त्यांनी सावकाश लिहिलं. ‘माझी पत्नी चंद्रकला शालिकराम हेडाऊ वारल्यावर’ इथे त्यांचं पेन थांबलं. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी हे कुठे लिहिलंच नव्हतं. दाखल्यावर लिहिलं होतं ते दुसऱ्याच्या अक्षरात. पाणी पिऊन त्यांनी वाक्य पुरं केलं.

“कारण पण लिहा,” भूमिका म्हणाली. “का केले ते.”

“काय लिहू?”

“जे असेल ते. पैशांची गरज, माहीत नव्हतं, काहीही.”

शालिकराम कागदाकडे बघत राहिले. उद्यापासून सकाळी फोन यायला काही निमित्त उरणार नव्हतं. बराच वेळ गेला, तरी भूमिकाने घाई केली नाही. मग त्यांनी लिहिलं, ‘घरी करमत नव्हतं.’ खाली सही केली.

भूमिकाने ते वाचलं. कागद उलटा करून फाइलमध्ये ठेवला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “नाव बरोबर आहे ना, काका? एकदा बघून घ्या.” नाव बरोबर होतं. त्याच्या पुढे आता ‘मृत’ असं आलं होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

बाहेर पडले तर पायऱ्यांशी अंकुर उभा. जेवणाच्या सुट्टीत गाडी दामटत आला असावा, केस उडालेले, पाठीला शर्ट चिकटलेला.

“काय सांगितलं तुम्ही?”

“मी करत होतो म्हनलं.”

“न मानलं त्याईनं?”

“कागदावर तं मानलं.”

“तुम्हाले विचारलं नाही काही? कॉल, पुट?”

“विचारलं. सांगितलं.”

रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. “मी भरून काढणारच होतो, बाबा. आईची शपथ.”

“तिची शपथ नोको घेऊ आता.”

अंकुरच्या गळ्यात त्याच्या कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं. त्याचा फोटो, नाव, कंपनीचं नाव ठळक अक्षरात. मागे ऑफिसचं काचेचं दार होतं. आत भूमिका उठून उभी राहिली होती, बहुतेक डबा खायला निघाली होती.

शालिकराम एक पायरी सरकून मुलाच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी ते ओळखपत्र उचललं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. बाहेर राहिलेली फीत कॉलरखाली दाबली.

“जाय आता,” ते म्हणाले. “सुट्टी संपत असन.”

अंकुर गाडीकडे गेला. तो वळणाआड होईपर्यंत ते दाराकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.