मुठीची ज्वारी

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती वस्तीत एक रीत होती. रोज भाकरी थापायच्या आधी घरातल्या लेकराने कोठीतली एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. तेवढी भाकरी सगळ्यांनी कमी खायची. तपसाधनेच्या, म्हणजे दिवसभराच्या प्रार्थना-प्रवचनाच्या, दिवशी ते डबे देवळात आणायचे आणि अडलेल्या शेजाऱ्याला द्यायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांना धर्मशिक्षण द्यायचो, आणि ही मूठ मीच त्यांना शिकवली होती. ज्या घरात लेकरू नव्हतं, तिथे म्हाताऱ्यांनी टाकायची. आमच्याकडे मी टाकायचो.

चौऱ्याण्णव साली उपवासकाळ आणि रमजान बरोबरच आले. देवळाच्या आवाराच्या भिंतीपलीकडे मुमताज राहायची. नवरा आजारी, यंत्रमाग महिनाभर बंद. मागायला ती कधीच आली नसती. मीच तिच्या दारात गेलो. म्हटलं, "हे दान नाही. आमच्या लेकरांनी आपल्या तोंडचा घास काढून ठेवलाय. शुक्रवारी तपसाधनेला देवळात न्यायला या." ती म्हणाली, "बच्चों का है तो आऊँगी, मास्टरजी."

त्या शुक्रवारी फादर सकाळपासून 'माझा शेजारी कोण?' यावर बोलत होते. लोक माना डोलवत होते. मी डबे एका पोत्यात ओतायला मागच्या खोलीत नेले. पहिलं झाकण उघडलं आणि कुबट वास नाकात शिरला. ज्वारीला जाळी धरली होती, सोंडे भराभर काठावर चढत होते. दुसऱ्यात उंदराच्या लेंड्या. तिसऱ्यात नुसता भुसा.

माझी विद्यार्थिनी मार्था दारात उभी होती. नऊ वर्षांची.

"हे काय गं?"

"गुरुजी, आम्ही चांगलीच टाकली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "आज आईने ती परत कोठीत ओतली. ही कोंबड्यांची टाकली."

शेजारीच स्वयंपाकघर. तिथे तपसाधनेच्या जेवणाच्या, कणकेच्या बट्ट्या भाजल्या जात होत्या. उपवासाला एकदाच जेवायचं, म्हणून तुपात बुडवून. मी डबा नेऊन तानुबाईसमोर ठेवला. मार्थाची आई ती.

"गुरुजी, तुम्ही बी ना!" ती हसली. "पाखडी लेई ती. भुक्या माणूसले काय शे?"

"मग आज हीच शिजवा आपल्याला."

"छी! हे माणसं खातीन का?"

बोलून गेली आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "एका घरची तरी चांगली असेल, बघा," आणि आमचा डबा परातीत पालथा केला. त्यातून ज्वारीआधी सोंडे बाहेर पडले.

माझी सून सुनंदा चुलीपाशीच होती. "आबा, सगळ्याच जणी तसं..." एवढंच म्हणाली आणि बट्टी उलटवू लागली.

तेवढ्यात मागच्या दारातून मुमताज आली. धुतलेली पिशवी घडी घालून काखेत. तिने परात पाहिली. कुणी ती झाकलीसुद्धा नाही.

"यह बच्चों के मुँह का निवाला है, मास्टरजी?"

तिने माझ्यामागून आलेल्या मार्थाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती वळली.

मी बट्ट्यांची मोठी पाटी उचलली. जेवणाची व्यवस्था पाहणारे अभिमनभाऊ आडवे आले. "गुरुजी, चाळीस माणसं जेवायचीत!"

"त्यांना डबे आहेत. पाखडून घ्या म्हणावं."

मुमताजच्या दारात पाटी ठेवली. तिने दार लोटून घेतलं नाही, पण मला आतही बोलावलं नाही. रोजा सोडायला घरात होती तेवढी माणसं बोटांवर मोजून तिने तितक्याच बट्ट्या काढल्या. "बाकी ले जाओ," म्हणाली. "और बच्चों को डाँटना मत. उन्होंने तो डाला था."

परत आलो तेव्हा लोक पंगतीला बसले होते. अभिमनभाऊंनी चौकातून भजी मागवली होती. कागदावर तेल पसरत होतं. फादर म्हणाले, "गुरुजी, रागही एक पापच आहे, बसा." डबे तसेच उघडे पडले होते आणि त्यांच्याकडे पाठ करून सगळे जेवणावर आशीर्वाद मागत होते. मी बसलो नाही. उरलेल्या बट्ट्या ठेवल्या आणि आमची ज्वारी भरून घरी आलो.

सुनेला दोष दिला नाही. स्वतः पाखडली, निवडली, दळून आणली, आणि ईस्टरपर्यंत माझ्यापुरती तीच भाकरी थापायला सांगितली. पहिल्या घासाला ओकारी आली, तेव्हा सुनंदा ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी पाण्यासोबत गिळली. आठव्या दिवशी वास येईनासा झाला, आणि माझं ताट बघून सुनंदासुद्धा निवांत जेवू लागली. मला सगळ्यात जास्त किळस त्या दिवशी आली.